पक्का नास्तिक होतो, वडिलांना ज्ञानेश्वरी वाचून दाखवता दाखवता गडबड झाली. अजून कोणाचं असं झालंय का?

वाघूरकाठ:

नमस्कार मंडळी, विषय जरा अवघड आहे, घरात नीट बोलता येत नाही आणि मित्रांत तर अजिबातच नाही म्हणून इथे टाकतोय. हसायचं तर हसा पण नंतर उत्तर पण द्या.

मी मूळचा यावल तालुक्यातला, सध्या जळगावात एमआयडीसीत नोकरी. दहावी-बारावीपासून देव मानत नाही. होस्टेलला असताना भगतसिंगांचं 'मी नास्तिक का आहे' वाचलं, मग दाभोलकरांची भाषणं, अंधश्रद्धा निर्मूलन समितीची शिबिरं, गावोगाव जाऊन हातातून अंगारा काढून दाखवायचा आणि मग तो कसा काढला ते पण सांगायचं, हे सगळं केलेलं आहे. म्हणजे कंटाळा म्हणून नास्तिक नव्हतो, विचार करून झालेला. लग्न रजिस्टर. घरात देव्हारा नाही. गावी कानबाईचे रोट असले की पंगतीत मात्र मी पहिला, ते वेगळं.

वडिलांना आम्ही नाना म्हणतो. नाना केळीवाले, माळकरी. वर्षानुवर्षं एकच नेम, मोटर चालू करून यायची (लाईट ज्या टायमाला असेल त्या टायमाला) आणि हातपाय धुवून ज्ञानेश्वरीच्या पाच-दहा ओव्या. काचबिंदूनं नजर गेली तसं वाचन बंद पडलं. मी मोबाईलवर पूर्ण ज्ञानेश्वरी लावून दिली, चांगला स्पीकर आणून दिला. पुढच्या खेपेला गेलो तर स्पीकर कोनाड्यात आणि त्याच्यावर नानांची टोपी. म्हटलं काय झालं, बिघडला का? तर म्हणे, "आवाज गोड आहे रे त्या बुवाचा, पण तो थांबतच नाही. मला एखाद्या ओवीपाशी बसायचं असतं, हा आपला पळतो पुढे." मग काय, सुट्टीच्या दिवशी मी समोर बसून वाचायचं आणि बाकी दिवस रात्री जेवणं झाल्यावर फोनवर.

सुरुवातीला नुसता वैताग. शब्द अडायचे, नाना तिकडून पाठ म्हणून दुरुस्त करायचे, मला वाटायचं तुम्हाला एवढं पाठच आहे तर मी कशाला पाहिजे. पण बापासाठी करतोय म्हणून करत गेलो. मग तेरावा अध्याय आला. ज्यांनी वाचलाय त्यांना माहीत असेल, गीतेत तिथे ज्ञानाची लक्षणं सांगताना 'अहिंसा' असा एक शब्द येतो, एकच, आणि माउली त्या एका शब्दावर ओव्यांमागून ओव्या लिहीत सुटतात. अहिंसक माणूस नुसता चालतो कसा त्याचंच वर्णन बघा, लाट पायानं फुटू नये, पाण्याची शांतता मोडू नये म्हणून बगळा पाण्यात कसं पाऊल टाकतो, कमळाचे केसर चुरगळतील या भीतीनं भुंगा कसा हळू पाय ठेवतो. आता बगळा तिथे चाललाय मासा धरायला! मी लगेच नानांना म्हटलं, नाना हे उदाहरण अहिंसेचं आहे का शिकारीचं? माझ्यातला जुना शिबिरवाला जागा झाला. नाना हसले, म्हणे "पाऊल बघ ना भो, चोच कशाला बघतो." आणि पुढची ओवी वाचायच्या ऐवजी मी थांबलो. नाना नाही, मीच.

सोळाव्या अध्यायात तर कहरच. तिथे आसुरी लोकांचं वर्णन आहे, जे म्हणतात जगाला ईश्वर नाही, सगळं असंच आपोआप कामवासनेतून झालंय. वाचता वाचता लक्षात आलं की बापासमोर बसून मी स्वतःलाच शिव्या वाचून दाखवतोय. आवाज बारीक झाला असेल, नानांना कळलं. म्हणे वाच वाच, पुढे आहे अजून. आणि पुढे काय तर, आज हे मिळवलं उद्या ते मिळवीन, हा शत्रू मारला आता त्याला पण मारीन, मी यज्ञ करीन, मी दान देईन, मी मजा करीन. नावापुरते यज्ञ, दिखाव्याचे. म्हणजे आसुरांच्या यादीत देव न मानणारा एका ओळीत आटोपला आणि देवाच्या नावानं मिरवणारे पानभर आहेत! हे मला शिबिरात कोणी सांगितलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर कीर्तनात पण कोणी सांगितलं नव्हतं.

तर आता असं झालंय की फोन ठेवल्यावर पण मी वाचत बसतो. आणि कोणीतरी ऐकतंय असं धरून वाचतो. चमत्कार नाही, स्वप्न नाही, उजेड बिजेड काही दिसला नाही, प्रमोशन पण नाही. फक्त 'नाही' म्हणायची जी खात्री होती ती सापडत नाही. अंगारे धुपारे, नवस, बुवा यांच्याबद्दल मत जराही बदललेलं नाही, आज पण कोणी भोंदू गावात आला तर मी पहिला उभा राहीन.

माझं विचारणं असं की ही श्रद्धा म्हणायची का भाषेची गोडी आणि बापाची माया मिळून काहीतरी भास होतोय? आणि जे पटत नाही, वर्ण, पुनर्जन्म वगैरे, त्याचं तुम्ही लोकांनी काय केलं? गिळलं का बाजूला ठेवलं? बायको शाळेत विज्ञान शिकवते, तिला सांगितलं तर शांतपणे म्हणाली "मला फक्त एवढं सांग, सत्यनारायणाला मी नऊवारी नेसून बसायचंय का." समितीतल्या मित्रांना अजून सांगितलेलं नाही.

केळीवाला रावेर:

वाच रे भाऊ, कसाले इतला इचार करस. बापले वाची दावस हाईच मोठं शे. बाकी यंदा कांदेबाग केळीला भाव काय मिळाला नानांना ते पण सांगा.

निवृत्त मास्तर धुळे:

वाघूरकाठ, तुम्ही फार चांगलं लिहिलंय, सोळाव्या अध्यायाचं तर शंभर टक्के बरोबर पकडलं. मी चाळीस वर्षं हायस्कूलला मराठी शिकवलं त्यामुळे थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आपल्या धुळ्याच्या जेलात १९३२ साली, २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक अध्याय असं करत विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचनं दिली. समोर बसून उतरवून घेणारे साने गुरुजी, तेच आपले अमळनेरच्या प्रताप हायस्कूलचे. फेब्रुवारी ते जून! धुळ्याचा मे महिना ज्यानं काढलाय त्यालाच कळेल जेलच्या पत्र्या-भिंतीत तो काय असेल, आणि त्यात हे लोक गीता ऐकत बसलेले. ऐकणारे काही देवळातले भाविक नव्हते, सत्याग्रहात पकडून आणलेले कैदी. म्हणून त्या प्रवचनांची भाषा पण वेगळी आहे, गृहीत काही धरत नाहीत. पहिल्याच प्रवचनात विनोबा म्हणतात की मी श्रद्धा आणि प्रयोग या दोन पंखांनी गीतेच्या आकाशात उडतो. यातला 'प्रयोग' तुमच्यासारख्यासाठी आहे. आधी मान, मग वाच, असं नाही. एखादी गोष्ट करून बघ, टिकली तर ठेव.

दुसरं म्हणजे तुम्ही सोळाव्यावर आलाय म्हणजे आता सतरावा येईल आणि तो तुमचाच अध्याय आहे. सोळावा संपतो ते शास्त्र हेच प्रमाण धर असं सांगून. झालं, अर्जुन लगेच सतराव्याच्या पहिल्याच श्लोकात विचारतो की जे शास्त्राचा विधी सोडून देतात पण श्रद्धेनं भजतात त्यांचं काय? म्हणजे मास्तरांनी फळ्यावर नियम लिहून खडू खाली ठेवला नाही तोच मागच्या बाकावरून हात वर. आणि भगवंत त्याला गप्प बस म्हणत नाहीत, श्रद्धेचेच तीन प्रकार काढून दाखवतात, सात्त्विक राजस तामस. म्हणजे श्रद्धा आहे म्हणून माणूस चांगला असं गीता पण म्हणत नाही! श्रद्धा तामस पण असते. तुमची अंगाऱ्याधुपाऱ्यावरची चीड तिथे चांगली कामाला येईल, ती सोडू नका.

आणि शेवटी अठराव्यात सगळं सांगून झाल्यावर, आता याचा पूर्ण विचार कर आणि तुला वाटेल तसं कर, 'यथेच्छसि तथा कुरु'. एवढं अठरा अध्याय डोकं खाऊन शेवटी निर्णय ऐकणाऱ्यावर सोडला. त्यामुळे घाई करू नका, समितीच्या मित्रांना उद्याच सांगायचं काही बंधन नाही. तसं पण दाभोलकर स्वतः सांगायचे की समितीचा देवाधर्माला विरोध नाही, देवाच्या नावावर होणाऱ्या लुबाडणुकीला आहे. तुम्ही तेच तर म्हणताय.

पुस्तकाचं म्हणाल तर सार्थ प्रत घ्या, ओवीखाली अर्थ असलेली, आणि नानांसाठी नव्हे तर तुमच्यासाठी गीताप्रवचने शेजारी ठेवा. धुळ्याला आलात तर समर्थ वाग्देवता मंदिरात जाऊन या, शंकरराव देवांनी जमवलेली जुन्या हस्तलिखितांची बाडं आहेत तिथे. ग्रंथ वाचणाऱ्यानं एकदा तरी हातानं उतरवलेलं पान बघावं.

शंकेखोर अमळनेर:

सगळे कौतुक करताय तर मी जरा मीठ टाकतो, राग नको.

पहिलं मास्तरांना. विनोबांचे दोन पंख सांगितले, छान, पण त्याच वाक्यात विनोबा तर्क छाटून टाकल्याचं पण म्हणतात, ते तुम्ही सोयीनं गाळलं की हो! तर्क छाटून उडायचं असेल तर पंख किती का असेनात, उतरणार कुठे?

आता वाघूरकाठ भाऊ. तुझं जे झालंय ते मला खोटं वाटत नाही. ज्ञानेश्वरी वाचताना माझ्या पण अंगावर काटा येतो, मी आजही नास्तिक आहे. अंगावर काटा येणं हा कवीचा पुरावा आहे, देवाचा नाही. शिवाय तू ते कोणासाठी वाचतोय? आंधळ्या झालेल्या बापासाठी. त्या जागी मला वाटतं पंचायत समितीचं परिपत्रक वाचून दाखवलं असतं तरी गळा दाटला असता. समजा तुझा जन्म पाचोऱ्यातल्या एखाद्या मुसलमान घरात झाला असता आणि अब्बांना तू कुराण वाचून दाखवलं असतं, किंवा नंदुरबारकडच्या ख्रिस्ती घरात बायबल, तर आज तू तिकडच्या गटात हाच प्रश्न टाकला असता ना? मग सत्य कुठलं? पुस्तकातलं का खाटेवर बसलेल्या बापातलं? माझं मत विचारशील तर बापातलं. त्याला देव म्हणायची गरज काय आहे तेवढं सांग.

आणि नानांचं 'चोच कशाला बघतो' मला फार आवडलं, पण भाऊ, आपण चोच बघणारे लोक आहोत. गीतेच्या चौथ्या अध्यायात कृष्ण चातुर्वर्ण्य मी निर्माण केलं म्हणतो, नवव्यात स्त्रिया, वैश्य, शूद्र यांना पापयोनीच्या रांगेत बसवून वर 'ते पण तरतात' म्हणतो. ही चोच आहे. हजारो वर्षं ती ज्यांना लागली त्यांना पाऊल किती हळू पडलं ते सांगून उपयोग नाही. तू हे बाजूला ठेवणार असशील तर ठेव, पण मग मान्य कर की ग्रंथातलं काय घ्यायचं ते तुझी बुद्धी ठरवतेय, ग्रंथ नाही. म्हणजे फिरून माणसापाशीच आलो.

आमच्या अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिर आहे, प्रताप शेठजींनी १९१६ साली काढलेलं, साने गुरुजी पण काही काळ तिथे शिकायला होते. तिथून बाहेर पडून गुरुजी आधी मास्तर झाले आणि मग जेलात गेले, गाभाऱ्यात जाऊन बसले नाहीत. मला तो रस्ता जास्त पटतो.

तापीपूर्णा:

शंकेखोर दादा, तुमचं परिपत्रकाचं वाचून हसले, पण करून बघा एकदा. खरंच. तीन दिवस घरच्या म्हाताऱ्याला परिपत्रक वाचून दाखवा आणि गळा दाटतो का कळवा.

मी मुक्ताईनगरकडची. शिक्षण केमिस्ट्रीत, माहेरी वारी होती पण मी त्यातली नव्हते, सासरी आल्यावर तर सप्त्याच्या भाकरी थापून थापून देवाचा रागच यायचा, बाप्ये टाळ वाजवणार आणि आम्ही चुलीपुढे. तो राग अजून पण पूर्ण गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटत पण नाही. माझं जे काही झालं ते चांगदेव पासष्टीनं झालं. पासष्ट ओव्या फक्त, एका बैठकीत होतात. चांगदेवाचं देऊळ आमच्याकडे तापी-पूर्णेच्या संगमावर आहे, लहानपणापासून सहलीला जायचो, डबे खाऊन परत. गोष्ट सगळ्यांना माहितीय, एवढा मोठा योगी, ज्ञानदेवाला पत्र लिहायला बसला तर मायना काय लिहावा सुचेना, वयानं लहान म्हणून आशीर्वाद का ज्ञानानं मोठा म्हणून नमस्कार, शेवटी कोरंच पाठवलं. आणि मुक्ताबाई म्हणाली चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणजे पासष्टी. पहिलीच ओवी सांगते की तो लपला तर जग दिसतं आणि प्रगटला तर जगालाच गिळतो. मी केमिस्ट्रीवाली, मला वाटलं होतं देव म्हणजे जगात कुठेतरी बसलेली अजून एक वस्तू, जी सापडत नाही म्हणून नाही. इथे तर सरळ म्हणतात की सापडणाऱ्यातला तो नाहीच. हे मला पटलं असं नाही म्हणणार, पण माझा नकार ज्या देवाला होता तो देव यांचा नव्हताच, एवढं दिसलं. माझ्यासाठी तेवढं पुरलं.

वाघूरकाठ भाऊ, तुम्हाला वाटतंय की शंका आली म्हणजे श्रद्धा कच्ची. तर तुकोबांची गाथा घ्या. 'माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल' हे तुकोबांनी लिहिलंय, कोणा नास्तिकानं नाही. दुसरीकडे म्हणतात देव आहे असं वाणीनं म्हणावं आणि नाही असं मनात अनुभवावं. नवसानं पोरं होत असती तर नवरा कशाला करावा लागला असता, हे पण त्यांचंच, तुमच्या समितीच्या पत्रकावर छापलं तरी चालेल. भांडण करायला माणूस समोर लागतो ना? तुकोबा भांडतात म्हणजे समोर कोणीतरी धरलाय. तुम्ही कोणीतरी ऐकतंय असं धरून वाचता म्हणालात, ते तेच.

आणि वाचनाचंच म्हणाल तर आसोद्याच्या बहिणाबाईंना अक्षर ओळख नव्हती, त्या म्हणतात पांडुरंगा तुझं गीता-भागवत माझ्यासाठी पावसात सामावतं आणि मातीत उगवतं. शंकेखोर दादा, त्यांच्या खाटेवर तर कोणी बाप पण बसलेला नव्हता, समोर नुसतं शेत होतं.

वर्णाचं जे आहे ते आहेच, मी झाकणार नाही. पण त्याच ग्रंथांना धरून आमच्याकडे चोखोबा झाले, जनाबाई झाल्या, आणि आमची मुक्ताई तर वयानं सगळ्यात धाकटी असून दार लावून रुसून बसलेल्या ज्ञानदेवाला ताटी उघड म्हणून सांगते, जग आग झालं तर संतानं पाणी व्हावं म्हणते. ऐकून घेणारा भाऊ होता हे पण बघा.

प्लॅटफॉर्म पाच भुसावळ:

तापीपूर्णा ताई, चोखोबांचं नाव घेतलंत म्हणून लिहितो. चोखोबांची समाधी देवळाच्या बाहेर आहे, पायरीपाशी. त्यांच्या लोकांना आत जायला १९४७ साल उजाडलं आणि त्यासाठी पण साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. अभंग सगळे गात होते तोवर. ग्रंथ वाचून माणूस बदलतो म्हणता तर मग एवढी शतकं वाचणाऱ्यांचं काय झालं, हा प्रश्न माझ्या आजोबांना पडला होता आणि त्यांनी १९५६ नंतर उत्तर शोधलं.

वाघूरकाठ, मी रेल्वेत आहे, रात्रपाळीत बाबासाहेबांचं 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' परत परत वाचतो. आमच्यात ईश्वर नाही आणि धम्म आहे. त्यामुळे तुम्ही लोक नास्तिक म्हणजे एका टोकाला आणि धार्मिक म्हणजे दुसऱ्या टोकाला असं जे धरून चाललाय ते मला मुळातच कळत नाही. कालाम नावाच्या लोकांना बुद्धांनी सांगितलं, परंपरेनं आलंय म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू म्हणतो म्हणून धरू नका, हिताचं आहे का ते स्वतः जाणून मग धरा. मला तुम्हाला आमच्यात ओढायचं नाही. एवढंच विचारायचंय की वाचायला लागल्यापासून तुमच्या वागण्यात काय बदललं? लेबरशी, बायकोशी, शेतातल्या सालदाराशी? ते तुमच्या एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये कुठेच आलं नाही. देव आहे का नाही हे त्याच्यानंतर बघू.

निवृत्त मास्तर धुळे:

शंकेखोर, तर्काचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, तसं वाक्य आहे. पण विनोबा ते गीतेशी स्वतःचं नातं सांगताना म्हणतात, ऐकणाऱ्यानं तर्क सोडावा असं सांगत नाहीत. आईशी नातं जुळायला तर्क लागत नाही एवढाच त्याचा रोख. असो, तुम्ही मूळ वाचून आलात याचाच आनंद झाला, हल्ली लोक न वाचताच भांडतात.

प्लॅटफॉर्म पाच, तुमचा प्रश्न सगळ्यात चांगला. मी गप्प.

वाघूरकाठ:

सगळ्यांचे आभार, ड्युटीमुळे उशीर झाला. गावाकडून येऊन आता बसलोय. केळीवाले दादा, भावाचं विचारू नका, नाना त्या विषयावर माउलींना पण मध्ये येऊ देत नाहीत.

शंकेखोर भाऊ, तुझा प्रश्न मी जसाच्या तसा नानांपुढे ठेवला, की मुसलमान घरात जन्मलो असतो आणि कुराण वाचून दाखवलं असतं तर. नाना म्हणे "मग ते वाचलं असतंस. चांगलंच झालं असतं. आता मिळालंय ते तर धड वाच." यात तुझ्या तर्काला उत्तर नाही हे मला माहितीय. पण मला एक कळलं की माझ्या मनात तुलना करून सगळ्यात बरोबर ग्रंथ निवडायची परीक्षा चालू होती आणि नानांच्या मनात तसली परीक्षाच नाही. बापातलं सत्य आणि पुस्तकातलं सत्य तू वेगळं काढलंस, मला ते वेगळं काढता येत नाही कारण बाप असा झाला तोच ते पुस्तक वाचून. निदान निम्मा तरी. देव म्हणायची गरज काय म्हणतोस, तर गरज अशी नाही सांगता येत. वाचताना तोंडातून तसंच निघतं.

चातुर्वर्ण्याचं पण विचारलं. मला वाटलं होतं काहीतरी सांभाळून घेतील, गुणावरून वर्ण असतो जन्मावरून नाही वगैरे जे कीर्तनकार सांगतात तसं. नाना बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणे "तिथे मी पण कधी बसलो नाही रे. तिथे मी पण पळतो, त्या स्पीकरवाल्या बुवासारखा." माळकरी माणसानं हे कबूल करावं याचं मला जास्त वाटलं. म्हणजे गिळायचं का बाजूला ठेवायचं याचं उत्तर मिळालं नाही, पण आता त्या जागी आम्ही दोघं मुद्दाम थांबणार आहोत, पहिल्यापासून परत सुरू करू तेव्हा.

प्लॅटफॉर्म पाच दादा, तुमच्या प्रश्नानं झोप उडवली. खरं उत्तर असं की फार काही बदललेलं नाही. एक आहे, माझ्या हाताखाली कंत्राटी पोरं आहेत, त्यांच्यावर ओरडायची सवय होती, ती कमी झालीय असं त्यातलाच एक म्हणाला, मी नाही. त्यानं कारण विचारलं तर मी बीपीची गोळी सुरू झाली म्हणून सांगितलं. आता ते ज्ञानेश्वरीनं झालं का खरंच गोळीनं, गोळी पण चालू आहेच. तुमचं पुस्तक मागवलंय.

बायकोचं सांगायचं राहिलं. तिनं तेराव्यातली ज्ञानलक्षणांची यादी माझ्याकडून मागून घेतली, पेन घेऊन बसली आणि म्हणाली यात नवस कुठे आहे, सोवळं कुठे आहे, सत्यनारायण कुठे आहे ते दाखव. भक्ती आहे, गुरुसेवा आहे, ते तिनं पेन्सिलनं गोल केलं, 'चर्चा बाकी' म्हणून. पण लोकांच्या गर्दीत रमू नये असं पण त्यात एक लक्षण आहे, ते तिला एकदम पटलं, पुढच्या आठवड्यात माझ्या चुलतभावाकडे बारसं आहे त्याला न जायला तिनं तेच कारण काढलंय. समितीतल्या एका मित्राला पण सांगितलं शेवटी. तो म्हणाला ठीक आहे, पण पुढच्या महिन्यात चोपड्याला कार्यक्रम आहे, अंगारा काढायला तूच लागशील, दुसऱ्या कोणाचा हात साफ नाही. जाणार आहे.

तापीपूर्णा ताई, पासष्टी फोनवर एका रात्रीत झाली. नाना तुमच्यावर खूष. सतराव्याआधी त्यांना एकदा मुक्ताईला जायचंय म्हणताहेत, डोळ्यानं दिसत नाही आणि गुडघे पण दुखतात, तर कधी आलेलं बरं आणि बसायला कुठे निवांत मिळेल? आणि सप्त्याच्या पारायणाला बसवलं तर चालेल का त्यांना?

तापीपूर्णा:

पारायणाला नको, तिथे सात दिवसांत अठरा अध्याय उरकायचे असतात, व्यासपीठावरून वाचत सुटतात आणि सगळ्यांनी मागे धावायचं, नानांना परत स्पीकरचंच दुखणं. एकादशी सोडून कुठल्याही दिवशी आणा. ऊन फार आहे तर सकाळी लवकर निघा, भुसावळवरून वरणगाव मार्गे सरळ रस्ता आहे. नव्या देवळात गर्दी वाटली तर कोथळीच्या जुन्या देवळात बसा, आणि चांगदेवला पण न्या, संगम जवळच आहे. निघायच्या आदल्या दिवशी इथे टाका, वहिनी येणार असतील तर ते पण कळवा, भरीत आणि कळण्याच्या भाकरीची सोय माझ्याकडे. भाकरी या वेळी आमचे हे थापणार आहेत, शिकताहेत, गोल नाही आली तर बोलू नका.

शंकेखोर अमळनेर:

भरिताला मी पण येऊ का? देवळाबाहेर गाडी सांभाळत बसतो.

तापीपूर्णा:

या की. वांगी जास्तीची आणते.